हीट पंपाचा बाजार: तेलाच्या संकटापासून जर्मनीच्या कायद्यापर्यंत

मे महिन्यात एखाद्या इमारतीच्या मागच्या बाजूने गेलं की एसीच्या बाहेरच्या डब्यातला गरम झोत अंगावर येतो. ती खोलीतून उपसून काढलेली उष्णता असते. हेच चक्र उलटं फिरवलं आणि बाहेरच्या थंड हवेतली, जमिनीतली किंवा नदीतली उष्णता घरात आणून सोडली, की झाला हीट पंप. बंबात लाकूड जळतं आणि उष्णता तयार होते. हीट पंप उष्णता तयार करत नाही, नुसती वाहून आणतो, म्हणून वीज फक्त त्या वाहतुकीपुरती लागते. एक युनिट विजेत साधारण तीन ते चार युनिट उष्णता घरात येते.

ही कल्पना जुनी आहे. लॉर्ड केल्विन म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्येच ती मांडली होती. थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियातल्या एबेन्झे इथल्या मिठाच्या कारखान्यात पीटर फॉन रिटिंगर यांनी तिच्यावर चालणारं यंत्र उभारलं. झुरिचच्या नगरभवनात १९३८ मध्ये लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला, आणि तो कित्येक दशकं चालला. स्वित्झर्लंडकडे स्वतःचा कोळसा जवळजवळ नव्हता, नद्यांची वीज मात्र होती. जिथे इंधन विकत घ्यावं लागतं आणि वीज घरची असते तिथे हे यंत्र रुजतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

घराघरांत त्याची चर्चा सुरू झाली ती १९७३ च्या तेलसंकटानंतर. १९७९ मध्ये दुसरा धक्का बसला आणि पश्चिम जर्मनीत हीट पंपांची मागणी एकदम वाढली. मग १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि तो बाजार जवळजवळ संपला. पण सगळा दोष तेलाच्या भावावर ढकलता येणार नाही. जुन्या घरांतले रेडिएटर, म्हणजे गरम पाणी फिरवून खोली तापवणारे भिंतीवरचे संच, ७० अंशांच्या आसपासच्या पाण्यासाठी केलेले होते, आणि हीट पंप चांगला चालतो ३५ ते ५५ अंशांवर. हा हिशेब न करता घाईने यंत्रं बसवली गेली. घरं गरम होईनात, बिलं फुगली, आणि ‘हे आपल्याकडे चालत नाही’ अशी त्याची जी बदनामी झाली ती पुसायला वीस वर्षं लागली. या इतिहासातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ती चूक यंत्राची नव्हती, बसवण्याची होती.

स्वीडनलाही तेव्हा तोच फटका बसला होता, पण त्या देशाने हात झटकले नाहीत. १९९१ मध्ये तिथे कार्बन कर आला आणि घर तापवायला जाळायचं तेल महागलं. नव्वदच्या दशकात नूटेक या सरकारी संस्थेने उत्पादकांसाठी स्पर्धा लावली, त्यात आधीच्या पंपांपेक्षा स्वस्त आणि जास्त कार्यक्षम पंप हवा अशी अट घातली. आपल्याकडे पाण्यासाठी बोअर मारतात, तशी तिकडे खडकात दीडशे-दोनशे मीटरपर्यंत बोअर मारून जमिनीतली ऊब घेण्याची पद्धत रुळली. आज तिथल्या स्वतंत्र घरांपैकी निम्म्याहून अधिक घरांत हीट पंप आहे. ज्या देशात थर्मामीटर उणे वीसच्या खाली जातो, तिथे हे झालं. ‘थंडीत चालत नाही’ या आक्षेपाचं उत्तर कधीच मिळालेलं आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि जर्मनीला १९७३ पुन्हा आठवलं. रशियन गॅस आटला तशी हीट पंपांची विक्री २०२२ मध्ये २ लाख ३६ हजारांवर आणि २०२३ मध्ये ३ लाख ५६ हजारांवर गेली. नवी हीटिंग यंत्रणा किमान ६५ टक्के नवीकरणीय ऊर्जेवर चालली पाहिजे, असा कायदा याच काळात आणला गेला. पण त्याचा मसुदा अर्धवट असतानाच बाहेर फुटला. टॅब्लॉइड वृत्तपत्रांनी त्यावर झोड उठवली, आणि लोकांनी धास्तीने घर तापवणारे गॅस बॉयलर मागवून ठेवले. हीट पंपाला ७० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं हे त्या गदारोळात कुणाच्या कानावरच गेलं नाही. २०२४ मध्ये विक्री १ लाख ९३ हजारांवर आली. ज्या कारखान्यांनी मागणीच्या भरवशावर क्षमता वाढवली होती, तिथे कामगारांचे तास कमी झाले.

मग २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत जर्मनीत पहिल्यांदाच गॅस बॉयलरपेक्षा हीट पंप जास्त विकले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या नव्या युती सरकारने मात्र तो कायदा रद्द करण्याचं वचन आपल्या करारातच दिलं होतं.

पुढच्या अंदाजाबद्दल विचारलं, तर मी अनुदानाआधी विजेचं बिल बघेन. जर्मनीत घरगुती वीज एका युनिटमागे गॅसच्या तिपटीच्या आसपास, कधी त्याहूनही महाग असते. पंप एका युनिटात तीन युनिट उष्णता देतो, म्हणजे घरमालकाचा हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो, आणि वर यंत्राची मोठी किंमत असतेच. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड इथे हे गुणोत्तर पंपाच्या बाजूने आहे, म्हणून तिथे मंदीतही बाजार पूर्ण कोसळत नाही. जर्मन सरकारने विजेवरचा करांचा बोजा खरोखर उतरवला आणि बसवणारे कारागीर नीट तयार केले, तर १९८६ ची पुनरावृत्ती टळेल असं मला मनापासून वाटतं. नाहीतर गॅस पुन्हा स्वस्त होताच कारखान्यांच्या गोदामांत पंपांचे ढीग लागतील.