तीन दातेरी चाकं आणि टोयोटाचा भरवसा

टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस किंवा हायरायडर घ्यायला निघालेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. "हायब्रिडच्या भानगडीत पडू नका. एक पेट्रोल इंजिन, वर विजेच्या दोन मोटारी, वर बॅटरी. जितकं सामान जास्त तितका बिघाड जास्त." सल्ला देणारा बहुतेक वेळा अनुभवी असतो, त्याने पन्नास गाड्या उघडलेल्या असतात, आणि त्याचं तत्त्वही खरं आहे. पण टोयोटाच्या हायब्रिडला ते लावताना एक मोठी गोष्ट नजरेतून सुटते. ती समजली की या कंपनीच्या नावाला भरवसा का चिकटला, त्याचंही बरंचसं उत्तर मिळतं.

आधी त्या तत्त्वाचं गणित बघू. एक यंत्र चालायला शंभर भाग सगळेच्या सगळे धड असावे लागतात असं धरा. प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची शक्यता ९९ टक्के असेल, तर पूर्ण यंत्र वर्षभर न थांबता चालण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे जेमतेम ३७ टक्के. प्रत्येक भाग ९९.९ टक्के भरवशाचा केला तर हीच शक्यता ९० टक्क्यांवर जाते, आणि ९९.९९ टक्के केला तर ९९ वर. एका भागातली दशांशाची सुधारणा पूर्ण यंत्रात केवढी होऊन दिसते!

मात्र सगळे भाग सारखे नसतात. क्लच प्लेटचं कामच घासत राहण्याचं, ती झिजणार हे ठरलेलं. बेल्ट ताणला जातो, सैल होतो, तुटतो. विजेच्या मोटारीच्या आतली तांब्याची गुंडाळी मात्र कशालाच घासत नाही. तिथे झिजायला बेअरिंगशिवाय फारसं काही नसतं. म्हणून नुसते नग मोजून भागत नाही. घासणारं, सटकणारं, ताणलं जाणारं किती आहे ते मोजायला हवं.

टोयोटाचा इतिहास मोटारीपासून सुरू होत नाही, मागापासून सुरू होतो. साकिची टोयोडा हे सुताराचे चिरंजीव, जन्म १८६७. १९२४ मध्ये त्यांनी 'टाइप जी' नावाचा स्वयंचलित माग पूर्ण केला. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीत ज्यांनी यंत्रमाग जवळून पाहिलेत त्यांना या मागाचं मोल लगेच कळेल. साध्या यंत्रमागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तर कामगाराची नजर पडेपर्यंत माग चालतच राहतो आणि मीटरच्या मीटर कापड खराब निघतं. टोयोडांच्या मागात ताण्याच्या धाग्यांवर धातूच्या पातळ पट्ट्या लटकत. धागा ताठ असेपर्यंत पट्टी वर. धागा तुटला की पट्टी खाली पडायची आणि तिच्या पडण्यानेच माग थांबायचा. आडवा धागा वाहणाऱ्या धोट्यातली कांडी संपत आली तर उलट: माग न थांबता धोटा बदलला जायचा. म्हणजे जिथे दोष नाही तिथे थांबायचं नाही, आणि जिथे दोष आहे तिथे एक धागाही पुढे जाऊ द्यायचा नाही. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले.

मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला. मागाच्याच कारखान्यात १९३३ मध्ये मोटार विभाग निघाला आणि १९३७ मध्ये स्वतंत्र टोयोटा मोटर कंपनी झाली. टोयोडांच्या कापड गिरणीत तयार झालेले ताइइची ओहनो १९४३ मध्ये मोटार कंपनीत आले आणि थांबणाऱ्या मागाची युक्ती त्यांनी माणसांच्या रांगेला लावली. जुळणी करणाऱ्या कुठल्याही कामगाराने दोष दिसला की डोक्यावरची दोरी ओढायची. दोष तिथल्या तिथे निस्तरला नाही तर अख्खी रांग थांबते. इतर कारखान्यांत चूक पुढे ढकलून शेवटी दुरुस्त करण्याची पद्धत होती, ती वरवर स्वस्त वाटे. पण मघाचा शंभरावा घात आठवा: ९९ चं ९९.९ करायचं असेल तर चूक जिथे जन्मते तिथेच धरावी लागते, कारण शेवटच्या तपासणीत गाडीच्या पोटातली चूक दिसतच नाही.

हे सगळं पहिल्या दिवसापासून जमलं असं समजू नका. १९३५ चे पहिले ट्रक रस्त्यात वारंवार बंद पडत. १९५७ मध्ये टोयोपेट क्राउन ही गाडी मोठ्या उमेदीने अमेरिकेत नेली. जपानच्या खडबडीत, संथ रस्त्यांसाठी ती दणकट होती, पण तिथल्या रुंद महामार्गांवरच्या वेगाला तिचा दम पुरेना, गाडी थरथरू लागली. थोड्याच वर्षांत त्या गाडीची निर्यात गुंडाळावी लागली. 'जपानी माणूस शिस्तीचाच, म्हणून त्याची गाडी टिकते' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हा भाग जरूर लक्षात घ्यावा. माणसं तीच होती, देश तोच होता, गाडी मात्र टिकली नाही. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडणं ही जशी अंधश्रद्धा, तशीच भरवसा एखाद्या देशाच्या रक्तात असतो ही समजूतही अंधश्रद्धाच. एकीनेही इंजिनाचं आयुष्य एका किलोमीटरने वाढत नाही. वेळेवर बदललेल्या ऑइलने ते वाढतं.

आपल्याकडे टोयोटा आली ती किर्लोस्करांच्या सोबतीने. किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर घडवणाऱ्या घराण्याची पुढची पिढी आणि मागवाल्या टोयोडांचा समूह यांची भागीदारीही आधी कापडयंत्रांतच झाली. १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली, बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना निघाला, २००० मध्ये क्वालिस आणि २००५ मध्ये इनोव्हा आली. पुढचं टूरवाल्यांकडून ऐकावं.

आता हायब्रिडकडे. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात प्रियस विक्रीला आली. ताकेशी उचियामादा हे तिचे मुख्य अभियंता. तिच्या पोटात एक रचना आहे, आणि माझ्या मते गेल्या अर्धशतकातल्या मोटार अभियांत्रिकीत इतकी देखणी गोष्ट दुसरी नाही. मूळ कल्पना जुनी आहे, अमेरिकेतल्या टीआरडब्ल्यू कंपनीच्या अभियंत्यांनी १९७१ मध्ये असं पेटंट मिळवलं होतं. पण तेव्हा तिला क्षणोक्षणी आवरू शकणारे स्वस्त आणि चपळ इलेक्ट्रॉनिक्स नव्हते.

मधोमध एक छोटं दातेरी चाक, त्याला 'सूर्य' म्हणतात. त्याच्या भोवती चार 'ग्रह' चाकं, एका चौकटीत बसवलेली. सगळ्यांना वेढणारं एक मोठं कडं, त्याचे दाते आतल्या बाजूला. ग्रह एकाच वेळी सूर्यालाही भिडतात आणि कड्यालाही. पेट्रोल इंजिन चौकटीला जोडलेलं, छोटी मोटार सूर्याला, आणि कडं गाडीच्या चाकांना. मोठी मोटारही कड्यावरच. सगळं कायमचं जोडलेलं. कुठेच काही सुटत नाही, पुन्हा जुळत नाही, सटकत नाही.

पहिल्या दोन पिढ्यांतल्या प्रियसमध्ये सूर्याला ३० दाते होते आणि कड्याला ७८. यावरून नियम निघतो:

३० × सूर्याचे फेरे + ७८ × कड्याचे फेरे = १०८ × चौकटीचे फेरे

कागद-पेन्सिल घेऊन बसा, मजा येईल. गाडी सिग्नलला उभी आहे, म्हणजे कड्याचे फेरे शून्य. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेतंय. मग सूर्य ३६०० फेऱ्यांनी फिरला पाहिजे, आणि छोटी मोटार जनित्र बनून बॅटरी भरू शकते. आता उलटं धरा: इंजिन बंद, गाडी विजेवर चाललीय, कडं १००० फेऱ्यांवर. चौकट शून्यावर, म्हणून सूर्य उलट्या दिशेने २६०० फेरे घेतो, नुसताच. तिसरी स्थिती: कडं २००० वर, इंजिनही २००० वर. तेव्हा सूर्यही २००० वर, सगळा गठ्ठा एकसंध फिरतो. कड्याचा वेग गाडीच्या वेगाने ठरतो, पण सूर्याचा वेग मोटारीने हवा तसा ठेवता येतो. त्यामुळे गाडी कितीही वेगात असो, इंजिनाला त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर चालवता येतं. गिअर बदलावाच लागत नाही.

आता पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर. यात खरी कमाल आहे. ग्रहाच्या एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला कडं, दोन्हीकडे तो सारखाच रेटा देतो. पण कड्याची त्रिज्या मोठी, म्हणून इंजिनाच्या पिळातला ७८/१०८, सुमारे ७२ टक्के हिस्सा कड्याला जातो आणि ३०/१०८, सुमारे २८ टक्के सूर्याला. फेरे काहीही असोत, हे वाटप बदलत नाही, ते दात्यांत कोरलेलं आहे. शिवाय एकाने आपला हिस्सा पेलला नाही तर दुसऱ्यालाही काही मिळत नाही. दोघांनी काठीला ओझं अडकवून खांद्यावर न्यावं तसं हे आहे: ओझ्याजवळच्या खांद्यावर भार जास्त, पण लांबच्या गड्याने काठी सोडली की ओझं जमिनीवर. छोट्या मोटारीने विरोध सोडला तर इंजिन नुसतं भणाणत राहील आणि चाकांना जोर मिळणार नाही. तिने वीज बनवत विरोध करायचा, ती वीज मोठ्या मोटारीला द्यायची आणि मोठीने तो जोर परत कड्यावर टाकायचा. बॅटरी आणि मोटारी यांच्यातली वीज सांभाळणारा इन्व्हर्टर हे सगळं सेकंदाला हजारो वेळा जुळवून घेत असतो. या विजेच्या वळणात थोडी गळती होतेच. म्हणून हायवेवर फायदा कमी आणि थांबत-थांबत जाणाऱ्या शहरी रहदारीत जास्त.

आता गॅरेजच्या भाषेत यादी करू. क्लच प्लेट नाही, प्रेशर प्लेट नाही. ऑटोमॅटिक गाड्यांत क्लचच्या जागी असणारा टॉर्क कन्व्हर्टर नाही. इतर सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांत ताणाखाली सरकणारा पोलादी पट्टा असतो, तोही नाही. सेल्फ नाही, कारण छोटी मोटारच इंजिन फिरवून सुरू करते. वेगळा डायनामो नाही. रिव्हर्सचा गिअर नाही, मोठी मोटार उलटी फिरली की गाडी मागे जाते. वेग कमी करताना मोटारच जनित्र होते, त्यामुळे ब्रेक पॅडही सावकाश झिजतात. पुढच्या हायब्रिडमध्ये दात्यांची संख्या आणि मोठ्या मोटारीची जागा बदलत गेली, पण हायक्रॉसमध्येही तत्त्व हेच आहे. आलेलं सामान बरंच आहे, मात्र त्यात घासणारं थोडं. गेलेलं सामान जवळजवळ सगळं घासणारंच होतं.

दुखणं नाहीसं झालं असं मात्र नाही, ते दुसरीकडे सरकलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातून सुमारे १९ लाख प्रियस परत बोलावल्या. सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे इन्व्हर्टरमधल्या विजेचा दाब वाढवणाऱ्या भागातल्या ट्रान्झिस्टरवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचवर, नको इतका ताण येऊन ते जळू शकत होते. क्लच कुरकुरतो, वास मारतो, आधी सूचना देतो. ट्रान्झिस्टर असं काही सांगत नाही, आणि तो कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये दुरुस्तही होत नाही. सावध मेकॅनिकची भीती इथे रास्त आहे, फक्त तिचा पत्ता इन्व्हर्टरचा आहे.

टोयोटाचं इंजिन दहा लाख किलोमीटर चालल्याचे मेसेजही फिरत असतात. असं एखादं इंजिन खरंही असेल. पण ज्या गाड्या तीन लाखांवर भंगारात गेल्या त्यांचे फोटो कुणी काढत नाही. शिवाय रोज लांब पल्ल्याला धावणाऱ्या टूरच्या गाडीचं इंजिन गरम राहतं आणि थंड अवस्थेत कमी वेळा सुरू होतं, त्यामुळे किलोमीटरच्या हिशोबात ते कमीच झिजतं. तिचा आकडा आपल्या दूध-भाजीच्या फेऱ्यांना लावता येत नाही.

भरवशाच्या नावाला कंपनीने स्वतःही धक्के दिलेत. २००९-१० मध्ये अडकणारी पायपुसणी आणि चिकटणारं ॲक्सिलरेटर पेडल यांमुळे लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नासाच्या अभियंत्यांनाही इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, पण ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल टोयोटाने २०१४ मध्ये अमेरिकेत १२० कोटी डॉलर भरले. मला त्याहून लागलेली गोष्ट जानेवारी २०२४ ची. डिझेल इंजिनांची ताकद मोजण्याच्या चाचण्यांत गैरप्रकार झाल्याचं उघड झालं आणि आपल्याकडेही क्रिस्टा, फॉर्च्युनर, हायलक्स यांचा पुरवठा काही काळ थांबला. त्या चाचण्या करणारी कंपनी होती टोयोटा इंडस्ट्रीज, म्हणजे साकिचींच्या मागाचाच मूळ कारखाना. धागा तुटताच थांबायला ज्यांनी यंत्राला शिकवलं, त्यांच्याच घरात माणसांनी दोष दिसूनही दोरी ओढली नाही.

ज्यांनी हायब्रिड घेतली आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी दीर्घकाळ टिकते, कारण गाडीचा संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. तिचा मोठा शत्रू उष्णता. बॅटरी थंड ठेवायला गाडीतलीच हवा एका जाळीतून ओढली जाते. अनेक मॉडेलांत ही जाळी मागच्या सीटजवळ असते, नेमकी जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. आपल्याकडची धूळ तिथे लवकर साचते, आणि गावी निघताना तिच्यापुढे बॅगा रचल्या की हवाच बंद. प्रत्येक सर्व्हिसिंगला ती जाळी साफ केली का हे विचारा. जुनी हायब्रिड घेत असाल तर चमकणारं बॉनेट बघण्याआधी ती जाळी उघडून बघा, आणि इन्व्हर्टरच्या वेगळ्या टाकीतल्या कूलंटची पातळीही.