सँगयाँग मोटर (केजी मोबिलिटी)

सँगयाँग मोटर ही दक्षिण कोरियातील एसयूव्ही आणि पिकअप बनवणारी कंपनी. मार्च २०२३ पासून तिचे अधिकृत नाव केजी मोबिलिटी असे आहे. मुख्य कारखाना सोलच्या दक्षिणेला प्याँगटेक शहरात आहे. ह्युंदाई आणि किया यांच्या शेजारी ही कंपनी कायम लहानच राहिली. दणकट डिझेल इंजिन, लोखंडी चासीवर बसवलेली बॉडी आणि चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा ही तिची ओळख. १९८६ पासून तिने पाच मालक पाहिले. त्यांपैकी एक मुंबईची महिंद्रा अँड महिंद्रा असल्याने मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके नाही. चाकण आणि नाशिकमध्ये तयार झालेल्या काही गाड्यांचे मूळ प्याँगटेकमध्ये आहे.

सुरुवात

हा डाँग-ह्वान (‘हा’ हे आडनाव) नावाच्या तरुणाने १९५४ मध्ये सोलमध्ये स्वतःच्या नावाचा मोटार कारखाना काढला. कोरियन युद्ध संपून वर्षही झाले नव्हते. देशात पोलाद नव्हते, पण अमेरिकी सैन्याने टाकून दिलेले ट्रक आणि तेलाची पिंपे भरपूर होती. ट्रकची चासी आणि इंजिन घ्यायचे, पिंपे ठोकून सपाट करायची आणि त्या पत्र्याची बस उभी करायची, असे काम तिथे चाले. युद्धानंतर सोलची वाहतूक रुळावर आणण्यात अशा बसचा मोठा वाटा होता. १९६६ मध्ये या कारखान्याची बस ब्रुनेईला गेली. कोरियातून बस निर्यात होण्याची ती पहिलीच वेळ मानली जाते.

१९७७ मध्ये कंपनीचे नाव डाँग-आ मोटर झाले आणि १९७९ मध्ये प्याँगटेकचा कारखाना उभा राहिला. जीपशी नाते जुळले ते १९८४ मध्ये, अमेरिकी सीजे जीप कोरियात बनवणारी गोह्वा ही कंपनी विकत घेतल्यावर. कोरांडो हे नाव गोह्वाने १९८३ पासून वापरायला घेतले होते, ते या खरेदीबरोबर आले आणि आजही वापरात आहे. १९८६ मध्ये सिमेंटच्या व्यवसायातून मोठ्या झालेल्या सँगयाँग उद्योगसमूहाने डाँग-आ ताब्यात घेतली. १९८८ मध्ये कंपनीला सँगयाँग मोटर हे नाव मिळाले.

जर्मन इंजिनांचा काळ

कंपनीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय १९९१ चा. त्या वर्षी तिने मर्सिडीज बनवणाऱ्या जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी तांत्रिक करार केला आणि मर्सिडीजची इंजिने व गिअरबॉक्स परवान्यावर बनवायला सुरुवात केली. त्यातून १९९३ मध्ये मुस्सो आली. तिची रचना लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवणारे केन ग्रीनली यांची होती. बॉनेटखाली मर्सिडीजचे पाच सिलिंडरचे २.९ लिटर डिझेल इंजिन होते. ते वेगवान नव्हते, पण टर्बो आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या भानगडी नसलेले हे इंजिन वेळेवर तेलपाणी केले की वर्षानुवर्षे चालत राही. १९९६ मध्ये याच घडणीची छोटी, दोन दारांची नवी कोरांडो आली आणि कोरियातल्या तरुणांची ती लाडकी गाडी झाली.

मर्सिडीजचा हात धरूनच इस्ताना ही व्हॅन आली. काही देशांत ती मर्सिडीजच्या नावानेच विकली गेली. १९९७ मध्ये जुन्या ई-क्लासच्या पायावर बांधलेली चेअरमन ही आलिशान सेडान आली. कोरियातले कारखानदार आणि बडे अधिकारी मागच्या सीटवर बसून फिरत, ती ही गाडी. या सगळ्यासाठी कर्ज मात्र डोईजड झाले होते. १९९७ च्या आर्थिक संकटात सँगयाँग समूह कोलमडला. मोटर कंपनीवरचे कर्ज हे त्या पडझडीचे एक मोठे कारण होते. कंपनी देवूने घेतली, पण दोनच वर्षांत देवू समूह स्वतःच बुडाला. मधल्या काळात मुस्सो आणि कोरांडो परदेशी बाजारांत देवूच्या नावाने विकल्या गेल्या. मग कंपनी धनको बँकांच्या ताब्यात राहिली.

आश्चर्य असे, की याच बेवारस काळात तिची विक्री चांगली होती. २००१ मध्ये रेक्सटन आली, २००२ मध्ये मुस्सो स्पोर्ट्स हे पिकअप आले. मागे हौदा असल्याने कोरियात पिकअपची नोंद मालवाहू वाहन म्हणून होते आणि त्यावर वर्षाला केवळ २८,५०० वॉन कर पडतो. दोन लिटरच्या सेडानला हाच कर पाच लाख वॉनच्या आसपास जातो. शेतकरी, छोटे ठेकेदार आणि कॅम्पिंगची हौस असलेली कुटुंबे या गाडीकडे का वळली, हे या आकड्यांवरूनच कळते.

शांघाय आणि २००९ चा संप

२००४ च्या अखेरीस चीनच्या शांघाय ऑटोमोटिव्ह अर्थात सैक कंपनीने बहुतांश हिस्सा घेण्याचा करार केला. कबूल केलेली गुंतवणूक झाली नाही आणि तंत्रज्ञान तेवढे शांघायला नेले गेले, असा कामगारांचा आरोप राहिला. डिझेल महागले, जागतिक मंदी आली आणि जानेवारी २००९ मध्ये कंपनी न्यायालयाच्या देखरेखीखाली गेली. एकूण सुमारे ७,१०० कर्मचाऱ्यांपैकी २,६४६ जणांना कमी करण्याची योजना जाहीर झाली.

मे महिन्यात कामगारांनी प्याँगटेकचा कारखाना ताब्यात घेतला. तो संप ७७ दिवस चालला. पाणी आणि वीज तोडली गेली, हेलिकॉप्टरमधून अश्रुधुराचे द्रावण ओतले गेले. शेवटी कामगार रंगकामाच्या इमारतीत एकवटले. तिथे ज्वालाग्राही रसायनांचे साठे असल्याने पोलीस आत घुसायला कचरत होते. क्रेनने उचललेल्या कंटेनरमधून पोलिसांची कमांडो पथके छपरांवर उतरली. ६ ऑगस्टला तडजोड होऊन संप मिटला.

पुढची वर्षे त्याहून जड गेली. काढून टाकलेले कामगार आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यापैकी तीसच्या आसपास माणसे आत्महत्या आणि आजारपणाने गेली. न्यायालयाने संपकऱ्यांना एकूण ४७० कोटी वॉनच्या घरात भरपाई द्यायला सांगितली. तेव्हा २०१४ मध्ये एका साप्ताहिकाच्या वाचक महिलेने ४७,००० वॉन पाठवले. असे एक लाख लोक पुढे आले तर ती रक्कम फिटेल, असा तिचा हिशेब होता. पिवळ्या पाकिटातून पैसे पाठवण्याची मोहीम त्यातून देशभर पसरली. संपाबद्दल कामगारांवर लादल्या जाणाऱ्या भरपाईला मर्यादा घालणारा कायदा कोरियाच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, तो ‘पिवळ्या पाकिटाचा कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. एका मोटार कंपनीतून कामगार कायद्यापर्यंत पोहोचलेली ही गोष्ट, माझ्या मते, कंपनीने बनवलेल्या कोणत्याही गाडीपेक्षा मोठी आहे. कामावर परत घेण्याचा करार सप्टेंबर २०१८ मध्ये झाला आणि शेवटचे कामगार २०२० मध्ये कारखान्यात परतले.

महिंद्राची दहा वर्षे

नोव्हेंबर २०१० मध्ये महिंद्राने ५२,२५० कोटी वॉनला, म्हणजे त्या वेळच्या सुमारे २,१०० कोटी रुपयांना, सुमारे ७० टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. २०११ मध्ये ताबा मिळाला. महिंद्राला जीपचा वारसा होता, सँगयाँगलाही होता. एकीला तंत्रज्ञान हवे होते, दुसरीला भांडवल. कागदावर ही जोडी शोभणारी होती.

ऑक्टोबर २०१२ मध्ये रेक्सटन भारतात आली. सुटे भाग कोरियातून येत आणि जुळणी चाकणला होई. जानेवारी २०१५ मध्ये कोरियात टिव्होली ही छोटी एसयूव्ही आली. तिच्या विकासावर ३५,००० कोटी वॉन खर्च झाले होते. पहिल्याच वर्षी एकट्या कोरियात तिच्या ४५ हजारांच्या आसपास गाड्या खपल्या आणि २०१६ मध्ये कंपनीला नऊ वर्षांनी नफा दिसला. टिव्होलीच्याच पायावर महिंद्राने एक्सयूव्ही३०० बनवली. नाशिकला तयार झालेल्या या गाडीला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळाले. भारतीय ग्राहकाला या सौद्यातून मिळालेली सर्वांत टिकाऊ गोष्ट हीच. दुसऱ्या पिढीची रेक्सटन इथे नोव्हेंबर २०१८ मध्ये अल्तुरस जी४ या नावाने विकायला आली.

नफा मात्र टिकला नाही. युरोपात डिझेलविरोधी वारे वाहू लागले, घरच्या बाजारात ह्युंदाई आणि किया यांनी प्रत्येक आकाराची एसयूव्ही उभी केली आणि सँगयाँगकडे इलेक्ट्रिक गाडीसाठी पैसा नव्हता. तीन वर्षांत ५०,००० कोटी वॉनची गरज होती. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, महिंद्राच्या संचालक मंडळाने नवे भांडवल घालायला नकार दिला आणि तात्पुरती ४,००० कोटी वॉनची मदत देऊ केली. डिसेंबर २०२० मध्ये परदेशी बँकांचे हप्ते थकले आणि कंपनी दुसऱ्यांदा न्यायालयाच्या दारात गेली. महिंद्राच्या भागधारकांच्या दृष्टीने भांडवल न घालण्याचा निर्णय बरोबर होता. प्याँगटेकला मात्र तो मालक सोडून जाण्याचा आणखी एक प्रसंग वाटला, आणि तेही समजण्यासारखे आहे.

एडिसन मोटर्स या इलेक्ट्रिक बस कंपनीने खरेदीचा करार केला, पण मार्च २०२२ मध्ये उरलेली रक्कम भरता न आल्याने तो मोडला. अखेर खतांच्या धंद्यातून पोलाद आणि रसायनांकडे वळलेल्या केजी समूहाने २०२२ मध्ये कंपनी घेतली. पुढच्या वर्षी त्याच समूहाने अडचणीत आलेली एडिसनही विकत घेतली. २०२३ मध्ये केजी मोबिलिटीला सुमारे ५०० कोटी वॉनचा परिचालन नफा झाला.

गाडी वापरणाऱ्यांचे मत

सँगयाँग वापरणारे लोक गाडीची बाजू घेऊन बोलतात आणि कंपनीबद्दल काळजीने बोलतात. ही दोन मते वेगळी ठेवल्याशिवाय या गाड्यांबद्दलची चर्चा नीट कळत नाही.

जुन्या मुस्सो आणि कोरांडोबद्दल जवळपास एकमत आहे, की इंजिन मरत नाही. ब्रिटनमध्ये घोड्यांचे ट्रेलर आणि कॅरव्हॅन ओढणाऱ्यांनी रेक्सटन आपलीशी केली. साडेतीन टन ओढणारी गाडी या किमतीत दुसरी मिळणे कठीण होते. तक्रारी आहेत त्या साध्या प्लास्टिकच्या, डिझेल पिण्याच्या आणि हिवाळ्यात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चासीला लागणाऱ्या गंजाच्या.

रोडियसचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. २००४ ची ही मोठी कौटुंबिक गाडीसुद्धा ग्रीनली यांचीच रचना. आलिशान नौकेसारखी दिसावी, हा हेतू होता. जगातल्या कुरूप गाड्यांच्या याद्यांत तिचे नाव हमखास असते. ज्यांनी ती घेतली ते मात्र आतल्या जागेचे कौतुक करतात. कोरियात तिला अकरा माणसे बसत, आणि सहा किंवा अधिक माणसे आत असली की सोल-बुसान महामार्गावर बसच्या राखीव मार्गिकेतून जाता येई. सणासुदीला गावी निघालेल्या कुटुंबाला, शेजारच्या रांगा तासन् तास अडकलेल्या असताना, ही सवलत रूपापेक्षा नक्कीच मोलाची होती.

भारतात रेक्सटन घेणाऱ्यांनी ती फॉर्च्युनरपेक्षा बरीच कमी किंमत पाहून घेतली. महामार्गावर लांब पल्ल्याला ती थकवत नाही, आरएक्स७ या तिच्या आवृत्तीतले पाच सिलिंडरचे इंजिन मर्सिडीजच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह मऊ चालते, हे कौतुक नेहमी ऐकू येते. अल्तुरसबद्दल नऊ एअरबॅग आणि आतल्या सजावटीची तारीफ होते. मग सूर बदलतो. सुटा भाग कोरियातून येईपर्यंत गाडी वर्कशॉपमध्ये उभी राहते, गावच्या मेकॅनिकला ती उघडायची धास्ती वाटते आणि विकायला काढली की भाव मिळत नाही. फॉर्च्युनर दहा वर्षांनी चांगल्या किमतीला जाते, रेक्सटनला गिऱ्हाईक शोधावे लागते. २०२२ च्या अखेरीस अल्तुरसची विक्री बंद झाल्यावर ही चिंता आणखी वाढली. जुनी रेक्सटन स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने सर्व्हिसचा पूर्ण इतिहास पाहावा आणि कोरियन सुटे भाग मागवून देणारा व्यापारी आधी गाठावा. वाचलेले पैसे एका मोठ्या दुरुस्तीत जाऊ शकतात.

हा अविश्वास कंपनीला ठाऊक आहे, हे तिच्या वॉरंटीवरून दिसते. ब्रिटनमध्ये तिने सात वर्षे किंवा दीड लाख मैलांची हमी दिली, तिथल्या बाजारातल्या सर्वांत मोठ्या हमींपैकी ती एक. जुन्या कोरांडोची धाटणी घेतलेल्या टॉरेस या नव्या एसयूव्हीला २०२२ च्या जूनमध्ये पहिल्याच दिवशी १२ हजारांवर आगाऊ नोंदण्या मिळाल्या. त्या वेळी कंपनी अजून न्यायालयाच्याच देखरेखीत होती. टॉरेसच्या इलेक्ट्रिक आवृत्तीत चीनच्या बीवायडीची बॅटरी आहे आणि कोरियात त्या बॅटरीवर दहा वर्षे किंवा दहा लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर, हमी मिळते.