हॉकी लीगचा नवा हंगाम: तीन मोडलेले डाव आणि चौथा

क्रिकेटचा चाहता नव्या हंगामाआधी विचारतो, यंदा आपला संघ कसा आहे? हॉकीच्या चाहत्याला त्याआधी दुसरंच विचारावं लागतं: यंदा लीग होणार आहे ना? गेल्या वीस वर्षांत त्याने हंगाम वाजतगाजत सुरू होताना पाहिले आणि पुढे त्यांचं कुणी नावही काढेनासं झालं तेही पाहिलं. म्हणून डिसेंबर उजाडला की हॉकी इंडिया लीगचं वेळापत्रक हाती येतं तेव्हा त्याला आनंद होतो, पण तो सावधपणे होतो. यामागे बराच इतिहास आहे.

हॉकीचा हंगाम ही कल्पना लीगच्या कितीतरी आधीची. कोलकात्यातली बेटन कप स्पर्धा 1895 पासूनची आणि मुंबईतली आगाखान स्पर्धा 1896 पासूनची. भारतीय हॉकी महासंघ स्थापन झाला तो 1925 मध्ये, म्हणजे या दोन स्पर्धांनंतर जवळपास तीस वर्षांनी. तोवर खेळ चालवला तो क्लब, पलटणी, रेल्वे, कस्टम्स आणि पोलीस यांच्या संघांनी. देशाचा संघ ऑलिम्पिकला जायचा चार वर्षांतून एकदा. मधल्या काळात चाहत्याची भूक भागवायचे ते हेच करंडक. ध्यानचंद यांना आपला सर्वोत्तम सामना कोणता वाटत होता? ऑलिम्पिकचा कुठलाच नाही. आत्मचरित्रात त्यांनी मान दिला आहे तो 1933 च्या बेटन कप अंतिम सामन्याला, त्यांचा झाँसी हीरोज विरुद्ध कलकत्ता कस्टम्स. सामनाभर कस्टम्सने झाँसीवर दडपण ठेवलं होतं. मग ध्यानचंदांनी मैदानाच्या मधून एक लांब पास साथीदार इस्माइलकडे टाकला, इस्माइल अर्धं मैदान धावत सुटला, कस्टम्सचा लेफ्ट हाफ आणि गोलरक्षक यांच्यात घोटाळा झाला आणि तेवढ्या फटीतून चेंडू जाळ्यात गेला. सामन्यातला तो एकमेव गोल. तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं गळ्यात असलेला माणूस एका क्लब सामन्याबद्दल असं लिहितो, यावरून त्या काळी देशांतर्गत हंगामाचं वजन किती होतं हे कळावं.

ते वजन पुढे घसरत गेलं, आणि त्याची कारणं मैदानात तितकीच मैदानाखालीही होती. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि आठवं सुवर्ण मिळवायला निघालेला भारत सातवा आला. आदल्याच वर्षी क्वालालंपूरला पाकिस्तानला 2-1 ने हरवून आपण विश्वचषक जिंकला होता! टर्फवर चेंडू सरळ आणि वेगाने पळतो. गवतावर उपयोगी पडणारी मनगटाची नजाकत तिथे पूर्वीइतकी पुरत नाही. दम आणि पळणं लागतं. वर टर्फ महाग, आणि त्या काळच्या टर्फला सामन्याआधी भरपूर पाणी मारावं लागायचं. युरोपातल्या क्लबांनी ते बसवून घेतलं. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यातल्या स्पर्धा मातीवर आणि गवतावरच चालू राहिल्या. म्हणजे खेळाडू हंगामभर एका पृष्ठभागावर खेळणार आणि देशासाठी उतरणार दुसऱ्यावर. पुढची बरीच वर्षं हा दुभंग चालला. 1980 चं मॉस्कोचं सुवर्ण मध्ये येऊन गेलं खरं, पण त्या स्पर्धेत बहिष्कारामुळे बरेच तगडे संघ नव्हते, हे चाहतेही आपसात कबूल करतात.

पहिली व्यावसायिक लीग आली जानेवारी 2005 मध्ये: प्रीमियर हॉकी लीग, तोंडी भाषेत पीएचएल. भारतीय हॉकी महासंघ आणि ईएसपीएन स्टार स्पोर्ट्स यांनी मिळून ती उभी केली. आयपीएल यायला अजून तीन वर्षं होती, हे विसरलं जातं. शहरांच्या नावाचे संघ, रंगीत जर्सी, परदेशी खेळाडू, त्यात पाकिस्तानीही, आणि प्रकाशझोतातले सामने हे सगळं हॉकीने आधी करून पाहिलं होतं. पहिलं पर्व हैदराबादला झालं आणि हैदराबाद सुलतान्सने ते जिंकलं. महाराष्ट्राचा संघ होता मराठा वॉरियर्स, आणि त्यात खडकीचा धनराज पिल्ले. पस्तिशी ओलांडलेला धनराज केस उडवत उजव्या बगलेने सुटला की समोरच्या संघाचे पाठीराखेही उभे राहायचे.

पीएचएलचं एक देणं मात्र कुणी फारसं मोजत नाही. हॉकी तेव्हा 35 मिनिटांच्या दोन डावांत खेळली जायची. पीएचएलने सामन्याचे साडेसतरा मिनिटांचे चार भाग केले. उघड कारण होतं जाहिराती. जुन्या खोडांनी नाकं मुरडली. पण 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघानेच 15 मिनिटांचे चार भाग स्वीकारले आणि आज सगळं जग तसंच खेळतं. लीग मेली, तिची पद्धत उरली.

ती मेली 2008 मध्ये. त्या वर्षीइतकं वाईट वर्ष भारतीय हॉकीने पाहिलेलं नाही. मार्चमध्ये चिलीतल्या सँटियागोला ग्रेट ब्रिटनकडून 0-2 ने हरून भारत बीजिंग ऑलिम्पिकला मुकला. 1928 नंतर पहिल्यांदाच ऑलिम्पिकच्या हॉकीत भारत नव्हता. एप्रिलमध्ये एका वाहिनीच्या छुप्या चित्रीकरणातून महासंघाच्या सचिवांवर लाच घेतल्याचा आरोप झाला आणि भारतीय ऑलिम्पिक संघटनेने महासंघालाच निलंबित केलं. चालवणारी संस्थाच गेली तिथे लीग कशाच्या जोरावर उभी राहणार? 2009 मध्ये हॉकी इंडिया ही नवी संघटना आली. जुना महासंघही आपला हक्क सोडायला तयार नव्हता. एका खेळाचे दोन मालक, आणि मध्ये खेळाडू.

पुढची लीग याच भांडणातून जन्मली. 2012 ची वर्ल्ड सीरिज हॉकी जुन्या महासंघाने निम्बस कंपनीच्या साथीने भरवली. आठ संघ होते, त्यात मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. पुण्याचा संघ थेट अंतिम फेरीत गेला आणि शेर-ए-पंजाबकडून हरला. पण आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता हॉकी इंडियाला होती, या स्पर्धेला नव्हती. इथे खेळलो तर देशाच्या संघाचं दार बंद होईल का, ही धास्ती खेळाडूंच्या डोक्यावर राहिली. स्पर्धेचं दुसरं पर्व झालंच नाही. सामने वाईट नव्हते, उलट चुरशीचे होते. ज्यांनी ते पाहिले त्यांना अजून हळहळ वाटते ती याचीच.

हॉकी इंडियाने उत्तर दिलं जानेवारी 2013 मध्ये, हॉकी इंडिया लीगने. पाच संघ, दिल्लीत लिलाव, आणि या वेळी मान्यतेचा प्रश्न नव्हता. जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया इथले पहिल्या रांगेतले खेळाडू आले. रांची रायनोजने पहिलं पर्व जिंकलं. मुंबई मॅजिशियन्सच्या वाट्याला मात्र निराळंच आलं. नियंत्रण रेषेवर तणाव वाढला, पाकिस्तानी खेळाडूंना विरोध म्हणून मुंबईत निदर्शनं झाली आणि लीगमधल्या नऊही पाकिस्तानी खेळाडूंना सामने न खेळताच परत पाठवावं लागलं.

लीग जानेवारीतच का भरते, याचं उत्तर युरोपच्या थंडीत आहे. नेदरलँड्सची हूफ्डक्लासे लीग सप्टेंबरात सुरू होते आणि हिवाळ्यात काही आठवडे थांबते. तिथले खेळाडू त्या दिवसांत एक तर इनडोअर हॉकी खेळतात किंवा मोकळे असतात. त्या मोकळ्या खिडकीत आपली लीग बसवली गेली. ही खिडकी लहान आहे आणि ती आपल्या हातात नाही. जानेवारी 2019 मध्ये देशादेशांत खेळली जाणारी प्रो लीग सुरू झाली तेव्हा ती आणखी आक्रसली.

2013 ते 2017 अशी पाच पर्वं झाली. पाच वर्षं म्हणजे पूर्वीच्या मानाने दीर्घायुष्यच म्हणायचं. रांची, दिल्ली, पुन्हा रांची (तोवर रायनोज जाऊन रेज आले होते), पंजाब आणि शेवटी कलिंगा लॅन्सर्स असे विजेते झाले. शेवटच्या पर्वात अंतिम फेरीत कलिंगाने दबंग मुंबईला 4-1 ने हरवलं. 2016 पासून तर मैदानी, म्हणजे चालू खेळात मारलेल्या, गोलला दोन गोल धरायचा नियम आला. हेतू चांगला होता: पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी) मिळवून ड्रॅग फ्लिकरच्या, म्हणजे तो चेंडू ओढून गोलात मारणाऱ्या खेळाडूच्या, भरवशावर बसू नका, चढाई करा. माझ्या मते तो नियम फसला. हॉकीत एका गोलची किंमत एकच असते, आणि शेवटच्या मिनिटाला एका फटक्यात दोनाने मागे असलेला संघ बरोबरीत आला की पराभूताइतकंच प्रेक्षकालाही फसवल्यासारखं वाटायचं. नियम टिकला नाही आणि लीगही. 2018 चं पर्व रद्द झालं, मग पैसा आणि वेळापत्रक यांची तोंडमिळवणी होईना, मग करोना. सात वर्षं गेली.

या सात वर्षांत राष्ट्रीय संघाचं मात्र वेगळंच चाललं होतं, आणि चौथ्या डावाचं बीज तिथेच आहे. 2018 मध्ये ओडिशा सरकारने पुरुष आणि महिला संघांचं प्रायोजकत्व घेतलं. एखादं राज्य अख्ख्या देशाच्या संघाला पोसतं, हे आपल्याकडे नवलच होतं. भुवनेश्वरला विश्वचषक झाला. 2023 च्या विश्वचषकासाठी राउरकेलात बिरसा मुंडा स्टेडियम उभं राहिलं. टोकियोत जर्मनीला 5-4 ने हरवून 41 वर्षांनी ऑलिम्पिक पदक आलं, आणि पॅरिसला स्पेनवर 2-1 ने मात करून दुसरं कांस्य. पॅरिसनंतर दोन महिन्यांत लीगच्या पुनरागमनाची घोषणा झाली. ऑक्टोबर 2024 च्या लिलावात सूरमा हॉकी क्लबने भारताचा तेव्हाचा कर्णधार हरमनप्रीत सिंगसाठी 78 लाख रुपये मोजले. आठ पुरुष संघ, 28 डिसेंबरला राउरकेलात सुरुवात. 1 फेब्रुवारी 2025 च्या अंतिम सामन्यात बंगाल टायगर्सने हैदराबाद तूफान्सला 4-3 ने हरवलं आणि त्यात जुगराज सिंगची हॅटट्रिक होती.

खरी नवी गोष्ट होती महिलांची लीग. चारच संघ होते, पण भारतात महिला हॉकीपटूंसाठी अशी लीग पहिल्यांदाच होत होती. सामने रांचीत, जयपाल सिंग यांच्या नावाच्या स्टेडियमवर. 1928 मध्ये पहिल्या सुवर्णाच्या संघाचे कर्णधार असलेले तेच जयपाल सिंग मुंडा. 26 जानेवारी 2025 च्या अंतिम सामन्यात ओडिशा वॉरियर्सने सूरमाला 2-1 ने हरवलं. ओडिशाचे दोन्ही गोल एकीचेच: ऋतुजा पिसाळ, सातारा जिल्ह्यातली. पहिला दुसऱ्या भागात, 20 व्या मिनिटाला. मग सूरमाने बरोबरी साधली आणि सामना शूटआऊटकडे चालल्यासारखा वाटत असताना 56 व्या मिनिटाला तिने दुसरा मारला.

इथे मराठी चाहत्याची पंचाईत होते. पीएचएलमध्ये मराठा वॉरियर्स होते, वर्ल्ड सीरिजमध्ये मुंबई आणि पुणे दोन्ही, जुन्या हॉकी इंडिया लीगमध्ये आधी मॅजिशियन्स आणि मग दबंग मुंबई. पुनरागमनाच्या पर्वात पुरुषांच्या आठ आणि महिलांच्या चार संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. आगाखान स्पर्धेच्या शहराला संघ नाही. चर्चगेटला हॉकीचं स्टेडियम आहे, बालेवाडीत मैदान आहे, साताऱ्यातून मुली राष्ट्रीय संघापर्यंत जाताहेत. कमी आहे ती संघ घेऊन दहा वर्षं तोटा सोसायची तयारी असलेल्या मालकाची. ती तयारी इतरत्रही सहज मिळते असं नाही. दुसऱ्या हंगामाच्या आधीच यूपी रुद्राजच्या मालकांनी माघार घेतली आणि संघ चालवायची जबाबदारी लीगच्या कारभाऱ्यांवर आली. पूर्वी एवढ्यावर अख्खी लीग कोसळली असती. या वेळी सामने झाले.

तोवर मराठी चाहता संघाऐवजी खेळाडूंच्या मागे जातो. वेळापत्रक आलं की आधी चमूंच्या याद्या उघडायच्या, प्रत्येक संघातले भारतीय आणि परदेशी खेळाडू वाचत जायचं, आणि आपल्याकडची नावं जिथे सापडतील तो संघ त्या हंगामापुरता आपला.