‘त्याला काय कळतंय, आईलाच विचारा’: एक खुलासा

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं, ते पालकांनाच विचारावं, असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे. फ्रान्समध्ये संशोधक क्रिस्तोफ मायानो आणि सहकाऱ्यांनी अशा किशोरवयीनांसाठीच छोटी प्रश्नावली बेतली. ताकद, दमसास, खेळातलं कौशल्य, दिसणं असे विषय. उत्तराला शब्दांऐवजी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची रांग. घोळ झाला तो नकारार्थी वाक्यापाशी. ‘मला कुणी देखणं म्हणत नाही’ अशा वाक्याला ‘नाही’ म्हटलं, तर अर्थ काय घ्यायचा? (तिथं भलेभले गडबडतात.) पुढे ते वाक्य सरळ केलं गेलं. अशी मुलं काहीही विचारलं तरी उठसूट ‘हो’ म्हणतात, ही अडचण खरीच, पण ती बरीचशी प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतून येते. आईचं उत्तर घ्या जरूर, मात्र आईचं मत म्हणून.