ड्राइव्ह की बकेट: भाडं वेगळं, हमाली वेगळी

जालन्याच्या मोंढ्याजवळ गोदामात सोयाबीन ठेवणारा नुसतं भाडं विचारून थांबत नाही, माल बाहेर काढायची हमाली किती पडेल हेही विचारतो. क्लाउडवर फायली ठेवताना मात्र हा दुसरा प्रश्न राहून जातो आणि खर्चाचा अंदाज नेमका तिथेच चुकतो.

क्लाउड म्हणून दोन वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. ड्राइव्ह म्हणजे गूगल वन, आयक्लाउड, वनड्राइव्ह: ठरलेली जागा, ठरलेली रक्कम. बकेट म्हणजे अ‍ॅमेझॉनची एस-थ्री किंवा त्या जातीची सेवा. तिथे मीटर पडतं. किती जीबी किती दिवस ठेवले याचं भाडं, आणि किती जीबी बाहेर नेले याची हमाली. आत टाकायला जवळपास काही लागत नाही, म्हणून सुरुवातीला सगळं स्वस्त वाटतं.

एस-थ्रीच्या मुंबई केंद्राचा साधा दर जीबीमागे महिन्याला 0.025 डॉलर आहे. डॉलर 90 रुपये धरला तर सव्वादोन रुपये, वर 18 टक्के जीएसटी. हिशोब लिहिणाऱ्या छोट्या ऑफिसकडे स्कॅन आणि टॅलीचे बॅकअप मिळून 40 जीबी असतील, तर महिन्याला साधारण 106 रुपये. गूगल वनची 100 जीबीची योजना 130 रुपयांची. फरक चहापाण्याइतका, त्यासाठी बकेटची उस्तवार कोणी करू नये.

लातूरच्या फोटो स्टुडिओचा हिशोब याहून वेगळा पडतो. एका लग्नाचे फोटो-व्हिडिओ 200 जीबी. महिन्याचं भाडं 5 डॉलर, म्हणजे 450 रुपये. आता वधूपक्ष, वरपक्ष आणि पुण्यातला भाऊ अशा तिघांनी पूर्ण फोल्डर उतरवलं, तर 600 जीबी बाहेर गेलं. महिन्याला पहिले 100 जीबी फुकट, पुढे जीबीमागे 0.1093 डॉलर. 500 जीबीचे झाले सुमारे 4,900 रुपये, जीएसटी वेगळा. भाड्याच्या जवळपास अकरा पट हमाली! लिंक नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली तर आकडा आणखी चढेल. म्हणून बकेट कधीच सगळ्यांसाठी उघडी ठेवू नका, मुदतीची लिंक द्या. ती जास्तीत जास्त 7 दिवसांची करता येते.

ग्राहकांना मोठ्या फायली वारंवार द्यायच्याच असतील तर हमाली न घेणारी बकेटही आहे: क्लाउडफ्लेअरची आर-टू. भाडं जीबीमागे 0.015 डॉलर, पहिले 10 जीबी फुकट. नाहीतर गूगल वनची 2 टीबीची योजना, महिन्याला 650 रुपये. तिथे मोठं फोल्डर एकदम उतरवलं की सुमारे 2 जीबीच्या झिप फायलींचे तुकडे येतात. एखादा तुकडा राहून गेला की ग्राहकाचा 'फोटो कमी आहेत' म्हणून फोन येतो. तुकडे मोजून घ्यायला आधीच सांगा.

चढवायचा वेळही खर्चातच धरा. 20 एमबीपीएस अपलोडवर 200 जीबी चढायला बावीस तास लागतात. मधेच लाईट गेली तर बकेटमध्ये नवाच घोळ होतो. मोठी फाईल तुकड्यांत चढते, आणि अर्ध्यावर राहिलेले तुकडे यादीत दिसत नाहीत, बिलात मात्र येतात. बकेटच्या लाइफसायकल नियमात (ठरलेल्या मुदतीने आपोआप साफसफाई करणारी सेटिंग) 'अपूर्ण अपलोड 7 दिवसांनी काढा' ही सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा. व्हर्जनिंग, म्हणजे त्याच नावाची फाईल पुन्हा चढली तरी जुनी प्रत जपून ठेवणं, चालू असेल तर जुन्या प्रतींची मुदतही तिथेच ठरवा. 2 जीबीची टॅली फाईल त्याच नावाने रोज चढली, तर महिन्याने तिच्या 30 प्रती, म्हणजे 60 जीबी साचतात आणि सगळ्यांचं भाडं लागतं. बजेट अलर्ट जरूर लावा, पण तो फक्त ईमेल पाठवतो, मीटर बंद करत नाही.

डीप आर्काइव्ह हा एस-थ्रीमधला सर्वात स्वस्त कप्पा. तिथे 180 दिवसांचं भाडं ठरलेलंच, आधी काढलं तरी. फाईल हाती यायला 12 तास, स्वस्त मार्गाने 48. जुन्या वर्षांच्या दप्तराला उत्तम, उद्या लागणाऱ्या कागदाला नाही.

ड्राइव्हचा धोका बिलात नसतो. संगणकावर सिंक झालेल्या फोल्डरमधून फाईल पुसली की ती क्लाउडवरूनही जाते, आणि कचरापेटीत 30 दिवसच राहते. त्यामुळे आठवड्याला एकदा वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत घ्यायलाच हवी. गूगलचे फुकटचे 15 जीबी जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह या तिघांत मिळून आहेत. योजनेचे पैसे भरायचे राहिले आणि जागा ओलांडली, की नवे ईमेल येणंच बंद होतं, मग त्यात जीएसटीची नोटीस असो की बँकेचं पत्र. दुकानाचा मुख्य ईमेल एका खात्यावर आणि ग्राहकांच्या फायली दुसऱ्या खात्यावर ठेवा.