शिकाऊ विमान किती सोपं असावं?

सेसना बरी की पायपर (दोन्ही अमेरिकी कंपन्यांची छोटी विमानं), हा वाद विमान शिकणाऱ्यांच्या कुठल्याही टोळक्यात निघतोच. वरवर तो पंख डोक्यावर हवा की बुडाखाली, एवढाच वाटतो. मूळ भांडण मात्र जुनं आहे: शिकाऊ माणसाच्या चुका विमानाने पोटात घालाव्यात, की तिथल्या तिथे कान पिळावा?

टायगर मॉथ (1931) किंवा पायपर कबच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. विमानं कान पिळणारीच होती. पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक छोटं चाक, किंवा टायगर मॉथसारखी नुसती घसरती पट्टी. या रचनेत विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे येतो. टेकल्यावर नाक जरा तिरकं झालं की मागचा भार ते आणखी तिरकं करतो, आणि पाय रडरवर (शेपटीवरच्या, नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या झडपेच्या पायपट्ट्यांवर) वेळीच हलले नाहीत तर विमान गर्रकन फिरतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. चाकं टेकली म्हणजे उतरलो, असं इथे मानायची सोय नव्हती.

आपल्याकडची पहिली शिकाऊ विमानंही याच घराण्यातली. जर्मनीतल्या गटिंगेनला वायुगतिकीचे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेल्या डॉ. वि. मा. घाटगे यांचं एचटी-2 ऑगस्ट 1951 मध्ये उडालं. त्यात शिष्य आणि गुरू एकामागे एक बसत. 1958 चं पुष्पक 90 अश्वशक्तीचं, पंख वर, आसनं शेजारीशेजारी. फ्लाइंग क्लबांसाठी ते फार मोलाचं ठरलं. शेपटीचं चाक मात्र दोघांनाही होतं.

चुका पोटात घालणाऱ्या विमानाचा ध्यास अमेरिकेत फ्रेड वाईक यांनी घेतला. त्यांच्या एर्कूपमध्ये (पहिलं उड्डाण 1937) रडरसाठी पायपट्ट्याच नव्हत्या. मोटारीसारखं चाक वळवायचं, रडर आपोआप जोडीने वळे. तिसरं चाक नाकाखाली असल्यामुळे भार मुख्य चाकांच्या पुढे आला आणि तिरकं टेकलेलं विमान आपणहून सरळ होऊ लागलं. शिवाय ते स्पिनमध्ये, म्हणजे गिरक्या घेत खाली कोसळण्यात, जाऊच शकत नाही, असं सरकारी प्रमाणपत्र त्याला मिळालं. म्हणून तर ते डिपार्टमेंट स्टोअरमध्येही विकायला ठेवलं गेलं! 1949 मध्ये तिथे खासगी परवान्यासाठी स्पिन शिकण्याची सक्तीही उठली. मग उत्पादकांनी स्पिनमध्ये सहज जाणारं विमान बनवावंच कशाला?

सेसनाने मधला रस्ता धरला. टेलव्हीलच्या 140 वरून 1957 मध्ये नाकाखाली चाक असलेलं 150 पहिल्यांदा उडालं: 100 अश्वशक्ती, दोन माणसं, दोन दारं. पेट्रोल वरच्या पंखांतून आपल्या भाराने खाली येतं, त्यामुळे चालू किंवा बंद एवढाच खटका. स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांचा हवेशी कोन फार वाढून त्यांची उचल तुटते तेव्हा, रडरकडे दुर्लक्ष झालं तर मात्र एक पंख खाली पडतो, आणि मुद्दाम नेलं तर ते स्पिनमध्येही व्यवस्थित जातं. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली वळवायच्या झडपा) 40 अंशांपर्यंत उतरत. पूर्ण फ्लॅपवर उतरणं रद्द करून पुन्हा चढायचं म्हणजे विमान जागच्या जागी कण्हायचं. 1977 च्या 152 मध्ये ते 30 अंशांवर आणले, इंजिन 110 अश्वशक्तीचं झालं.

पायपर चेरोकी 1960 मध्ये उडालं. त्याच्या आराखड्यात पुन्हा वाईक होतेच, आणि तो स्वभाव दिसतो. स्टॉल करायला गेलं तर नाक धाडकन पडत नाही, विमान मऊपणे खाली बसत जातं. पंख खाली असल्याने जमिनीजवळची हवा त्याला उचलून धरते. वेग जरा जास्त राहिला की ते धावपट्टीवर तरंगतच राहतं. वळताना धावपट्टी दिसते, सेसनात नेमका तेव्हाच आतला पंख आडवा येतो. उलट इथे टाकी डावी की उजवी हे लक्षात ठेवून बदलावी लागते. दार एकच, उजवीकडे, म्हणून डावीकडे बसणाऱ्या शिकाऊने आधी आत सरकायचं.

माझ्या मते या सगळ्यात बोलकी गोष्ट टॉमाहॉकची. 1970 च्या दशकात पायपरने प्रशिक्षकांनाच विचारलं, कसं विमान हवं? उत्तर आलं: स्टॉल, स्पिन खरे दाखवणारं. 1978 मध्ये बाजारात आलेल्या टॉमाहॉकची काच ऐसपैस, इंजिन 112 अश्वशक्तीचं आणि आडवी शेपूट उभ्या शेपटीच्या टोकावर. त्यामुळे पंख्याचा झोत शेपटीला लागतच नाही. उड्डाणाच्या धावेत नाक बराच वेळ ढिम्म राहतं आणि मग एकदम उठतं. स्टॉलमध्ये मागे वळून पाहिलं तर तीच शेपूट थरथरताना दिसते. या विमानाला ‘ट्रॉमाहॉक’ हे नाव पडलं ते उगाच नाही. पंखांच्या पुढच्या कडेला नंतर जादा पट्ट्या बसवाव्या लागल्या.

अपघातांचा हिशेब मात्र सरळ नाही. उड्डाणतासांच्या मानाने टॉमाहॉकचे एकूण अपघात सेसना 150-152 पेक्षा कमी निघाले, पण स्टॉल-स्पिनचे जीवघेणे अपघात जास्त. चाचणीतल्या नमुन्यापेक्षा कारखान्यातून बाहेर पडलेल्या विमानांच्या पंखांच्या आत आकार धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या (रिब) कमी होत्या, असं 1997 मध्ये अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने दाखवलं. म्हणजे प्रशिक्षकांनी मागितलं एक आणि हाती पडलं थोडं वेगळं. टॉमाहॉकचं उत्पादन 1982 मध्ये थांबलं होतं. 152 चं 1985 मध्ये थांबलं, पण तीच जुनी विमानं फ्लाइंग क्लबांत आजही उडतात.