हरिकेनची श्रेणी पावसाबद्दल काहीच सांगत नाही

अटलांटिक महासागरात हरिकेन, म्हणजे तीव्र चक्रीवादळ, तयार झाले की बातम्यांत सर्वांत आधी त्याची श्रेणी सांगितली जाते. सॅफिर-सिम्पसन मापनातील ही १ ते ५ पर्यंतची श्रेणी केवळ वाऱ्याच्या वेगावरून ठरते. वादळ किती पाऊस पाडणार, याचा तिच्यात विचारच नसतो. अमेरिकेत १९६३ ते २०१२ या काळात अशा वादळांत थेट झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ९० टक्के मृत्यू पाण्यामुळे झाले आहेत. तरीही लोक घर सोडायचे की नाही हे श्रेणीच्या आकड्यावरून ठरवतात, ही अत्यंत चिंतेची बाब आहे.

एखाद्या ठिकाणी किती पाऊस साचेल, हे वादळाच्या जोरापेक्षा ते किती सावकाश पुढे सरकते यावर अधिक अवलंबून असते. ऑगस्ट २०१७मध्ये चौथ्या श्रेणीचे ‘हार्वे’ टेक्सासच्या किनाऱ्यावर धडकले. जमिनीवर येताच त्याचा वारा ओसरला. मात्र त्याला पुढे नेणारे वरच्या थरांतील वारे क्षीण असल्याने ते किनाऱ्याच्या आसपासच घुटमळले आणि मेक्सिकोच्या आखातातील बाष्प ओढून घेत कित्येक दिवस बरसत राहिले. टेक्सासमधील नेदरलँड या गावाजवळ तब्बल १५३९ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. २००१चे ‘अ‍ॅलिसन’ तर हरिकेन झालेच नव्हते, तरी ह्यूस्टनमध्ये त्याने हाहाकार माजवला. त्यातच हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनाही हा धोका चुकत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये ‘हेलेन’ फ्लोरिडात जमिनीवर आले, पण शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात त्याने भीषण विध्वंस केला. तिथे आदल्या दिवसांच्या पावसाने जमीन आधीच तुडुंब भिजली होती. त्यामुळे नवे पाणी मुरण्याऐवजी उतारांवरून थेट अरुंद दऱ्यांत उतरले, दरडी कोसळल्या आणि नद्यांनी रस्ते, पूल, घरे वाहून नेली.

अशा पुरात वाहन सुरक्षित वाटते, पण जेमतेम ३० सेंटिमीटर खोलीचे वाहते पाणी अनेक मोटारींना तरंगवते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक वाहने वाहून नेते. गढूळ पाण्याखालचा रस्ता शिल्लक आहे की खचला आहे, हे चालकाला दिसतही नाही.

पाऊस थांबला म्हणजे पूर संपला, असेही नसते. ‘फ्लॉरेन्स’ १४ सप्टेंबर २०१८ रोजी पहिल्या श्रेणीचे म्हणून किनाऱ्यावर आले. वरच्या खोऱ्यांतील पाणी हळूहळू खाली उतरत गेले आणि साउथ कॅरोलायनातील कॉनवे येथे वाकामॉ नदीने कमाल पातळी गाठली ती सुमारे बारा दिवसांनी.